चेहरे लिहून घेणारे शहर

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर पोलिसांची एक लहानशी चौकट असते. वर 'बेपत्ता' असा मथळा आणि खाली मजकूर: वय अंदाजे पस्तीस, वर्ण गव्हाळ, बांधा मध्यम, चेहरा गोल, नाक सरळ, उजव्या गालावर जुन्या जखमेचा व्रण. माणूस मराठवाड्यातल्या कुठल्याही खेड्यातला असो, जातीने कोणीही असो, वर्णनाचा साचा बदलत नाही. माझे अब्बा तहसील कचेरीबाहेर अर्जनवीस होते. अशी वर्णने त्यांनी हजारो लिहिली असतील. हा साचा कुठून आला हे त्यांना कधी विचारले नाही, आणि त्यांनाही ते ठाऊक नसावे.

पुष्कळ वर्षांनी, इतिहासाची पुस्तके चाळता चाळता, तो साचा मला फारसीत भेटला. 'गंदुमगून, मियाना कद, बुलंद बीनी'. गंदुम म्हणजे गहू, गून म्हणजे रंग. गव्हाळ वर्ण, मध्यम उंची, उंच नाक. शाहजहानच्या काळात दख्खनच्या मोगल फौजेत भरती होणाऱ्या शिपायाचे वर्णन करताना कारकून हेच शब्द वापरत. आणि असे हजारो कागद ज्या शहराच्या दफ्तरात शतकानुशतके पडून होते, ते शहर म्हणजे आपले औरंगाबाद.

या शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. त्याआधीही त्याची नावे बदललीच होती. १६१० मध्ये मलिक अंबरने वसवले ते खडकी. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, त्याला फतेहनगर म्हटले. १६५३ मध्ये शहजादा औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि औरंगाबाद हे नाव रुजले. दरबारी कागदांत पुढे 'खुजिस्ता बुनियाद' असा मानाचा किताबही लागला. नावाच्या वादावर मला इथे काही लिहायचे नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्या सगळ्यांच्या लेखांत हे शहर फक्त एका बादशहाचे किंवा एका राजाचे असते. मला पाहायचे आहेत ते या शहरात पगारासाठी, दाण्यापाण्यासाठी, घोड्याच्या चंदीसाठी धडपडणारे लोक. आणि ते सापडतात, सरकारी कागदात.

आज आपण या शहराला मराठवाड्याची राजधानी म्हणतो. पण सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते सरहद्दीवरचे ठाणे होते, हे सहसा लक्षात येत नाही. मलिक अंबरने नहरींचे पाणी खेळवून जे गाव उभे केले, ते १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईनंतर मोगलांनी जाळले. १६२१ मध्ये शहजादा खुर्रमच्या फौजेने ते पुन्हा उद्ध्वस्त केले. दोनदा जळलेले गाव. मग १६३० ते ३२ चा भीषण दुष्काळ. १६३१ मध्ये धारूर आणि कंधार, १६३३ मध्ये दौलताबाद, १६३६ मध्ये उदगीर आणि औसा असे किल्ले मोगलांकडे गेले. त्याच वर्षी निजामशाही संपली, विजापूरशी तह झाला आणि सरहद्द थोडी दक्षिणेला सरकली. परांडा तर १६६० पर्यंत आदिलशाहीतच होता. म्हणजे आज बीड-धाराशिवकडे जाणारी एस. टी. ज्या रस्त्याने जाते, तो रस्ता त्या काळी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारा होता.

सरहद्दीच्या गावात माणसे कुठून कुठून येतात. बुखारा-समरकंदकडचे तुराणी, इराणी, अफगाण, राजपूत, बुंदेले, आणि इथलेच दख्खनी, हबशी, मराठे. शहराच्या पुऱ्यांची नावे पाहा. मिर्झा राजा जयसिंगांचा जयसिंगपुरा, बिकानेरच्या राजा करणसिंगांचा करणपुरा, त्यांच्या मुलाचा पदमपुरा, बुंदीच्या राव भावसिंगांचा भावसिंगपुरा, शिवाय पहाडसिंगपुरा, जसवंतपुरा. या मूळच्या छावण्या होत्या. सरदार आला, त्याच्याबरोबर हजार-दोन हजार माणसे आली, त्यांच्यामागे बनिया आला, नालबंद आला, भटियारा आला, आणि तंबूंच्या जागी भिंती उठल्या. करणपुऱ्यात आजही नवरात्रात देवीची जत्रा भरते. मोगल फौजेतल्या राजपूत छावणीची ही आठवण आहे हे जत्रेत पाळण्यात बसणाऱ्या पोरांना सांगायला हरकत नाही, पण सांगते कोण?

एवढी परकी, फिरती, एकमेकांची भाषा न समजणारी माणसे एका ठाण्यात जमली की राज्यकर्त्याला पहिली चिंता पडते: कोण कोण आहे? दुसरी चिंता त्याहून मोठी. ज्याला आपण पगार देतो तो खरोखर आहे का?

मोगल फौजेची व्यवस्था अशी होती की मनसबदाराने ठरलेल्या संख्येचे स्वार ठेवायचे आणि त्यासाठी त्याला जहागिरीचा वसूल किंवा रोख रक्कम मिळायची. कागदावर पाचशे स्वार, तबेल्यात दीडशे, हा धंदा तेव्हाही चाले. हजेरीच्या दिवशी शेजारच्या सरदाराचे घोडे उसने आणायचे, बाजारातली माणसे पागोटी बांधून उभी करायची, आणि हजेरी झाली की ज्याचे त्याला परत. रोजगार हमीच्या कामावर मस्टरमध्ये मेलेल्या माणसांची नावे पाहिलेल्या मराठवाड्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. यावर उपाय म्हणून अकबराच्या काळापासून दाग आणि चेहरा सक्तीचे झाले. घोड्याला तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा आणि स्वाराचा चेहरा शब्दांत उतरवून घ्यायचा. या खात्याला दाग-ओ-तसहीहा म्हणत. तसहीहा म्हणजे खातरजमा.

या कागदाचे नाव 'अर्ज-ओ-चेहरा'. अर्ज या शब्दाचा आपल्याकडे विनंती असा अर्थ उरला. मूळ अर्थ पुढे आणणे, हजर करणे. स्वार पुढे आणला जाई आणि कारकून लिहू लागे. नाव, बापाचे नाव, कौम, वतन. मग कपाळ: 'फराख पेशानी', रुंद. भुवया: 'कुशादा अब्रू', एकमेकींपासून सुट्या. डोळे: 'मेश चश्म' म्हणजे मेंढीसारखे, किंवा 'आहू चश्म', हरणासारखे. हा दुसरा शब्द गझलेत माशूकासाठी येतो, आणि इथे तोच एखाद्या दाढीवाल्या पठाणासाठी! मग नाक, दाढी-मिशा काळ्या की पांढऱ्या, कान टोचलेले की नाहीत, देवीचे व्रण, तीळ, आणि जखमा. कपाळावर तलवारीची खूण, मनगटावर भाजल्याचा डाग, कुठल्या बाजूला आणि किती. त्याखाली घोडा: ताजी, तुर्की, याबू की जंगला, रंग कुमाईत, सुरंग, नीला की अबलख, आणि दाग कुठे दिला. घोडा मेला तर त्याचा वेगळा दाखला. त्याला सकतनामा म्हणत.

हे वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा आला तो राग. माणसाची आणि जनावराची नोंद एकाच कागदावर, एकाच पद्धतीने! पण कागद जास्त पाहिले की रागाची जागा दुसऱ्या भावनेने घेतली. आपल्या बखरींत, तवारिखांत शिपायाला नाव नसते. 'पाच हजार स्वार पडले' एवढ्यात तो संपतो. ज्या सरकारने त्याच्यावर काडीचा विश्वास ठेवला नाही, त्याच सरकारने त्याच्या बापाचे नाव, त्याचे गाव आणि त्याच्या गालावरचा तीळ लिहून ठेवला. प्रेमाने कोणी लिहिले नाही. अविश्वासाने लिहिले, म्हणून तो माणूस उरला.

डॉ. सुबह दयाल या अभ्यासिकेने याच कागदांवर अलीकडे बरेच काम केले आहे. दख्खनच्या मोगल सरहद्दीवरचे त्यांचे पुस्तक २०२४ मध्ये आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की 'मोगल शिपाई' नावाची तयार वस्तू उत्तरेकडून इथे आलीच नाही. दख्खनच्या या ठाण्यांवर, हजेरीच्या या रांगांत, कारकुनाच्या कलमातून ती घडत गेली. कौमच्या रकान्यात काय लिहायचे, हे स्वाराने सांगायचे आणि कारकुनाने ऐकायचे. आपण सहज 'बाहेरून आलेले' आणि 'इथले' अशी रेघ मारतो. ती रेघ या कागदांत फार ठिकाणी पुसट होते. बाप तिकडचा, वतन म्हणून दख्खनमधले गाव, अशी माणसे एकाच पिढीत तयार होत होती.

आता कारकुनांकडे वळू. मला खरे कुतूहल त्यांचे आहे, बहुधा अब्बांमुळे.

या शहरातला सर्वांत बोलका कारकून म्हणजे भीमसेन सक्सेना. जन्म १६४९, बऱ्हाणपूर. जातीने कायस्थ. बाप रघुनंदनदास दख्खनच्या तोफखान्याचा मुश्रीफ, म्हणजे हिशेबनीस. लहान वयातच भीमसेन बापाकडे औरंगाबादेत आला आणि फारसी, हिशेब, दफ्तर याच वातावरणात वाढला. पुढे दाग-तसहीहाच्या खात्यातही त्याने चाकरी केली. म्हणजे वर सांगितलेले चेहरे लिहिण्या-तपासण्याचे खाते त्याला आतून माहीत होते. म्हातारपणी, औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, त्याने 'नुस्खा-ए-दिलकुशा' या नावाने आठवणी लिहिल्या. दरबाराने लिहवून घेतलेली ही तवारीख नाही. त्यात भाव आहेत, यात्रा आहेत, मित्रमंडळ आहे, चाकरी मिळवण्यासाठी कराव्या लागणाऱ्या खटपटी आहेत, वरिष्ठांच्या लाचखोरीबद्दल कडवटपणा आहे. १६५८ च्या सुमाराची स्वस्ताई त्याला आठवते. रुपयाला अडीच मण गहू आणि डाळ, साडेतीन मण ज्वारी-बाजरी, अर्धा मण गूळ, चार शेर तूप. ज्याचे घर पगारावर चालते तोच माणूस बादशाही सत्तांतराच्या वर्षात तुपाचा भाव लक्षात ठेवतो.

आणि शेवटी शेवटी तोच लिहितो की दख्खनच्या मोहिमा इतक्या लांबल्या की माणसांनी बायकापोरे छावणीतच आणली, आणि एक सबंध पिढी तंबूत जन्मून तंबूतच मोठी झाली; तिला कापडाखेरीज दुसरे छप्पर माहीत नव्हते. सरहद्दीवरच्या जगण्याबद्दल मी वाचलेले हे सर्वांत खरे वर्णन आहे, आणि ते एका हिंदू कारकुनाने फारसीत लिहिले. मराठी वाचकापर्यंत भीमसेन आणला तो सेतुमाधवराव पगडी यांनी. त्यांनीच मोगल दरबाराची बातमीपत्रेही मराठीत आणली. पगडी काय, ग. ह. खरे काय, फारसी कागद मराठीत आणणारी ही माणसे. आपल्यातून किती जण त्यांच्या शेजारी बसले? यादी करायला बोटे पुरतात.

चेहऱ्याचा कागद हा एक प्रकार झाला. ठाण्यात रोज सकाळपासून जे काही घडे ते कुठल्या ना कुठल्या फर्दीवर उतरे. सुभेदाराकडे कोण आले, कोणाला खिलत मिळाली, कोणाची बदली झाली याचा रोजचा सियाहा. पगार पोचल्याची पावती म्हणजे कब्ज-उल-वसूल. रस्त्याने जाण्याचा परवाना म्हणजे दस्तक. बातम्या पाठवणारे वाकियानवीस, त्यांच्यावर लक्ष ठेवणारे सवानिहनिगार, आणि त्या दोघांवर नजर ठेवणारे खुफियानवीस. धारूर, कंधार, उदगीरसारख्या किल्ल्यांवर दारू किती, धान्य किती, तोफांची अवस्था काय, याच्या याद्या. रकमा तर अंकांत लिहीतच नसत. 'सियाक' नावाच्या पद्धतीत अरबी संख्यावाचक शब्दांची तुटक रूपे करून रक्कम लिहायची. पाहणाऱ्याला ती मुंग्यांची रांग वाटते. उत्तम फारसी येणारा माणूसही सियाक शिकल्याशिवाय हिशेबाचा कागद वाचू शकत नाही. खाडाखोड करून शून्य वाढवण्याची सोयच त्यात नव्हती, आणि बाहेरच्या माणसाला आपला हिशेब कळू न देण्याची सोय मात्र होती.

शेताचाही चेहरा लिहिला गेला. खुरासानहून आलेला मुर्शिद कुलीखान १६५२ पासून इथे दिवाण होता. दुष्काळ आणि लढायांनी गावे ओस पडली होती. त्याने जमिनी मोजल्या, पळालेल्या रयतेला परत आणण्यासाठी तगाई दिली, ओसाड गावांना मुकादम नेमले. पावसावरच्या पिकाचा निम्मा, विहिरीवरच्या धान्याचा तिसरा हिस्सा, ऊस-द्राक्षांसारख्या पिकांना आणखी कमी, असे दर ठरवले. मोजणीची दोरी तो स्वतः धरत असे असे सांगतात. १६५८ मध्ये धरमतच्या लढाईत तो मारला गेला, पण त्याचा धारा दख्खनमध्ये पुढे दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. मलिक अंबरचा धारा आपण शाळेत शिकतो. मुर्शिद कुलीचे नाव पुस्तकात का नसते कोण जाणे.

अशा या कागदी शहरातून वरपर्यंतही सारखे कागदच जात. शाहजहान आणि औरंगजेब या बापलेकांतला पत्रव्यवहार 'आदाब-ए-आलमगीरी'त आहे. जहागिरीचा वसूल येत नाही, फौज कशी पोसायची, ही शहजाद्याची रड. बादशहाची तक्रार काय? बऱ्हाणपूरच्या आपल्या आवडत्या झाडाचे आंबे कमी आणि खराब आले, म्हणजे चांगले तूच खाल्लेस! हिंदुस्थानच्या गादीसाठी पुढे जे रक्त सांडले त्याच्या चारपाच वर्षे आधी, सरहद्दीवरचा हा सुभेदार बापाला आंब्यांचा हिशेब देत बसला होता.

सरकारी दफ्तराखेरीज या शहरात आणखी एक वही होती. पाणचक्कीच्या तकियात बाबा शाह मुसाफिर राहत. ते मूळचे बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानकडचे. त्यांचे पीर बाबा पलंगपोश फिरोजजंगाच्या फौजेबरोबर दख्खनमध्ये फिरत. बाबा मुसाफिर औरंगाबादेत तकिया सांभाळत. त्यांच्या मागे बाबा शाह महमूद यांनी दोघांच्या आठवणी 'मल्फूजात-ए-नक्शबंदिया'त लिहून ठेवल्या. सायमन डिग्बी यांनी २००१ मध्ये त्यांचे इंग्रजी भाषांतर छापले. या वहीत तीच माणसे येतात जी हजेरीच्या कागदात आहेत: चाकरी शोधणारा तुराणी, पगार थकलेला स्वार, दूर देशाहून पायी आलेला कफल्लक. फरक एवढाच की इथे त्यांचा तीळ कोणी मोजत नाही. इथे लिहिले जाते ते तो भुकेला आला का, काय मागत होता, काय मिळाले. पाणचक्कीचे जाते पुढे १७४४ च्या सुमारास बसले, ते याच तकियातल्या फकिरांच्या आणि मुसाफिरांच्या पिठासाठी. आज पर्यटक तिथे पाण्याचा पडदा बघतात आणि फोटो काढून निघून जातात.

आणि हे सगळे लिहायला कागद लागतो. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतो. महंमद तुघलकाच्या काळापासून तिथे कागज्यांची वस्ती आहे असे परंपरा सांगते. चिंध्या कुजवून, कुटून, लगदा करून, चौकटीवर उचलून, भिंतीवर वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटून कागद करायचा. दौलताबादी कागदाचे नाव मराठी दफ्तरांतही येते. शिवशाही-पेशवाईच्या मोडी कागदांत 'दौलताबादी' आणि 'जुन्नरी' हे नाणावलेले प्रकार. म्हणजे दोन्ही बाजूंचे कारकून एकमेकांविरुद्ध लिहीत होते ते पुष्कळदा याच मुसलमान कारागिरांच्या हातच्या कागदावर. भाषाही अशीच इकडून तिकडे वाहत राहिली. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी फर्दनवीसाचा फडणवीस झाला तो झालाच. जमा, बाकी, वसूल, रुजू, हजेरी, दाखला, दफ्तर, तारीख हे शब्द काढून घेतले तर आजच्या तलाठ्याला सातबारा लिहिता येणार नाही. मोडी कागदात 'अमुक बिन तमुक' लिहिणारा कुळकर्णी आपण अरबी लिहितो आहोत असे समजत नव्हता.

या कागदांचे पुढे काय झाले? आसफजाही आली. १७६३ मध्ये निजाम अलीखानाने राजधानी हैदराबादला नेली. सरहद्दही केव्हाच पुढे सरकली होती. जुने मोगल दफ्तर मात्र किलेअर्कच्या इमारतींतच राहिले. विसाव्या शतकात, १९१६ च्या सुमारास, ते हैदराबादला हलवले गेले. आज ते तेलंगण राज्य अभिलेखागारात आहे. शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले दीड लाखाच्या आसपास कागद. डॉ. युसूफ हुसेन खान यांनी त्यांतले निवडक १९५० पासून छापले. हे युसूफ हुसेन म्हणजे राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे धाकटे बंधू. १९७७ मध्ये डॉ. झियाउद्दीन शकेब यांनी शाहजहानकालीन कागदांच्या सूचीचा पहिला खंड काढला. बाकी बहुतेक कागद अजून कोणी वाचणारा मिळेल म्हणून पडून आहेत.

२०१९-२० च्या हिवाळ्यात आपल्या मोहल्ल्यांत काय चालले होते ते वाचकांना आठवत असेल. नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा सुरू झाली आणि घराघरांत लोखंडी पेट्या उघडल्या गेल्या. माझी थोरली बहीण, जी तीन नातवंडांची नन्नी आहे, शाळेचा दाखला शोधत दोन दिवस बसली. दाखला सापडला. त्यावर 'ओळखीची खूण' असा रकाना होता आणि त्यात लिहिले होते: हनुवटीवर तीळ. ती हसली. मला मात्र तेव्हा आहू चश्म पठाण आठवला.

मग २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतून निजामकालीन कागदांचे गठ्ठे बाहेर आले, हैदराबादच्या दफ्तरांचीही आठवण झाली. आणि एकाएकी मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्या लिपीला आजवर 'त्यांची' म्हटले गेले, त्या लिपीत 'आपले' आजोबा लिहिलेले आहेत हे पुष्कळ मराठा कुटुंबांना त्या वर्षी कळले. माझ्या ओळखीचे एक निवृत्त उर्दू शिक्षक त्या दिवसांत सकाळी डबा घेऊन कचेरीत जात आणि संध्याकाळी डोळे चोळत परत येत. सत्तरीत पुन्हा नोकरी लागल्यासारखा त्यांचा चेहरा खुलला होता. पण ते म्हणाले, 'माझ्यानंतर इथे बसणारा मला कोणी दिसत नाही. आणि मी फक्त उर्दू वाचतो. फारसी शिकस्ता आले की मीही अंगठेबहाद्दर.'

शिकस्ता म्हणजे मोडलेली लिपी. घाईत लिहिणाऱ्या कारकुनांची, नुक्ते गाळणारी, अक्षरे एकमेकांत गुंतवणारी. मोडीची सख्खी बहीण म्हणायला हरकत नाही. मदरशात आपली मुले नस्ख वाचतात, उर्दू शाळेत नस्तालीक वाचतात. शिकस्ता आणि सियाक शिकवणारी जागा माझ्या पाहण्यात या शहरात नाही. किलेअर्कच्या आवारात आज शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय आहे. ज्या ठिकाणी हे कागद कितीतरी पिढ्या बांधून ठेवलेले होते, तिथेच मुले परीक्षेचे अर्ज भरतात. तिथे आठवड्यातून दोन तास शिकस्ता शिकवायला फार पैसा लागणार नाही, हे मी दोनतीन सभांत बोललो आहे. टाळ्या पडतात, चहा येतो, सभा संपते.

अब्बांच्या पेटीत एक कागद आहे. घोटीव, पिवळट, घड्यांवर फाटलेला, वर गोल शिक्का. खानदानात त्याला 'सनद' म्हणतात. अब्बांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, पण हा कागद त्यांना वाचता येत नव्हता. त्यांच्या पश्चात मी तो एका बुजुर्ग मौलवींकडे नेला. त्यांनी चष्मा पुसला, शिक्क्यातले एक नाव वाचले, 'परगणा' हा शब्द वाचला, एका ठिकाणी 'बेवा' असे वाचले. म्हणजे तो कोणा विधवेच्या नावे दिलेला असावा. मोगल काळात अशा मदद-ए-मआशच्या सनदा बायकांच्या नावे पुष्कळ निघत. आमच्या घरात ती बाई कोण, हे कोणालाच माहीत नाही. खाली सियाकात एक रक्कम आहे, मुंग्यांची छोटीशी रांग. मौलवी साहेबांनी कागद उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि माझ्या हातात दिला. ती रक्कम आम्हाला अजून वाचता आलेली नाही.